गच्ची तापते, घर भाजतं: स्लॅबवरचं उष्णतारोधन नीट कसं करावं

अकोला, चंद्रपूर, भुसावळकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिन्यात भर दुपारपेक्षा रात्री नऊ-दहाची वेळ जास्त जड जाते. बाहेर हवा जरा निवलेली असते, आत पंखा मात्र भट्टीसमोर लावल्यासारखा गरम वारा फेकत असतो. याला कारण स्लॅबचं वजन. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा साधारण ३०० किलोचा भरतो. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीवर तीन टनांहून जास्त काँक्रीट दिवसभर उन्हात तापत पडलेलं असतं, आणि ती धग संध्याकाळपासून खाली उतरायला लागते. एसी आधी या तीन टनांशी झुंजतो, खोलीतल्या हवेचा नंबर मग लागतो.

म्हणून पहिली गोष्ट पक्की धरावी: ऊन स्लॅबच्या वर अडवायचं, खाली नाही. खालून फॉल्स सीलिंग केलं की खोलीला थोडा आराम पडतो, पण स्लॅब पूर्वीइतकाच तापतो आणि पूर्वीइतकाच फुगतो-आक्रसतो. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिमी सरकतो. कठड्याच्या बुडाशी आणि स्लॅब-भिंतीच्या सांध्यात आडवी चीर पडते, ती बहुतेक वेळा याच रोजच्या सरकण्याची. पावसाळ्यात ती गळते आणि दोष वॉटरप्रूफिंगवाल्याच्या माथी जातो.

आकडे काय सांगतात

पदार्थ उष्णता किती सहज जाऊ देतो, याचा आकडा वॅट प्रति मीटर प्रति अंश असा मोजतात. आरसीसीचा तो १.५८ च्या आसपास, विटेचा आणि ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याचा ०.८, एएसी म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकचा ०.१६ ते ०.१८, आणि एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन) फोमच्या पाट्यांचा सुमारे ०.०३. दोन इंची एक्सपीएसची बरोबरी नुसत्या काँक्रीटने करायची तर साडेआठ फूट जाड स्लॅब ओतावा लागेल.

छपराचा एकूण हिशोब यू-व्हॅल्यूने होतो, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता पार जाते. आकडा जितका लहान, तितकं छप्पर चांगलं. खालून प्लास्टर केलेल्या पाच इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू ३.३ च्या जवळ येते. त्यावर चार इंची कोबा घातला की ती २.३ वर उतरते. केंद्र सरकारच्या इको निवास संहितेने २०१८ मध्ये घरांच्या छपरासाठी घातलेली कमाल मर्यादा १.२ आहे, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा कोबा त्या मर्यादेच्या जवळपासही पोचत नाही. कोबा उतार देण्यासाठी आणि पाणी अडवण्यासाठी असतो. "कोबा केलाय, आता तापणार नाही" हे मिस्त्रीचं म्हणणं तिथेच सोडून द्यावं.

त्याच कोब्यावर २५ मिमी एक्सपीएस टाकलं की यू-व्हॅल्यू ०.८ होते. ५० मिमीला ०.४८ आणि ७५ मिमीला ०.३४. पहिला इंच सगळ्यात जास्त कमावतो, तिसऱ्या इंचात फारसं काही हाती लागत नाही. विदर्भ-मराठवाडा-खानदेशात ५० मिमी हा हिशोबी आकडा. पुण्या-नाशकात २५ मिमीवरही काम भागतं, पण मजुरी आणि वरचं काँक्रीट दोन्हीकडे सारखंच लागतं, त्यामुळे तिथेही ५० मिमी टाकण्यात नुकसान नाही.

वॅटमध्ये पाहायचं तर असं: गच्चीचा पृष्ठभाग ६० अंश आणि खोली ३२ अंश धरली, तर कोबा घातलेल्या स्लॅबमधून १० बाय १२ च्या खोलीत ढोबळमानाने ८०० वॅट उष्णता शिरते. ५० मिमी एक्सपीएसनंतर हा आकडा दीडशेच्या आसपास येतो. साडेसहाशे वॅटची शेगडी डोक्यावरून काढून टाकल्यासारखं आहे हे.

आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं. माळवदाच्या आणि धाब्याच्या घरांवर लाकडी पाटणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. माती काही फोमसारखी रोधक नाही, पण एवढ्या जाडीतून धग खाली पोचेपर्यंत दिवस मावळलेला असायचा आणि माणसं वरच निजायला गेलेली असायची. आता गच्चीवर कोणी निजत नाही, त्यामुळे ते गणित जसंच्या तसं लागू पडत नाही.

माल घेताना

बाजारात तीन गोष्टी सरसकट "थर्माकोल" म्हणून विकल्या जातात. पॅकिंगचा पांढरा थर्माकोल दाणेदार असतो. मोडला की मणी सुटतात, आणि मण्यांच्या फटीत पाणी शिरतं. पाण्याचा उष्णता जाऊ देण्याचा आकडा ०.६, म्हणजे एक्सपीएसच्या वीसपट. भिजलेलं इन्सुलेशन हे इन्सुलेशन राहत नाही. गच्चीवर एक्सपीएसच वापरावं: मोडल्यावर आतून एकसारखं दिसतं, पाणी जवळपास पीत नाही, बहुधा निळ्या-गुलाबी-हिरव्या रंगात येतं. रंगाला मात्र काही अर्थ नाही, तो कंपनीची खूण असतो. तिसरा पफ, म्हणजे पॉलीयुरेथेन फोम. तो या दोघांहूनही चांगला रोधक आहे, पण गच्चीवर फवारून केलेला पफ उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो आणि कावळे टोचून खड्डे पाडतात. तो करायचा तर लगेच झाकावा.

घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर आणि दाब सोसण्याची क्षमता किमान २५० किलोपास्कल असलेला माल मागा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, वजनकाट्यावर ठेवा. १२५० बाय ६०० बाय ५० मिमीची पाटी ३४ च्या घनतेला सव्वा किलोच्या थोडी वर भरते. नऊशे ग्रॅम भरली तर घनता २४ आहे, आणि वरून चालणं सुरू झालं की ती दबणार. कडा खाच पाडलेल्या घ्याव्यात, म्हणजे एक पाटी दुसरीवर चढते आणि सांध्यातून थेट खाली फट राहत नाही.

१००० चौरस फूट गच्चीला, म्हणजे ९३ चौरस मीटरला, अशा १२४ पाट्या लागतात; कापाकापी धरून १३० मागवा. ५० मिमी जाडीच्या १:२:४ काँक्रीटला सिमेंटच्या ३० गोण्या, पाऊण ब्रास वाळू आणि दीड ब्रास बारीक खडी. १२० ते १५० ग्रॅम वजनाचं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं) कापड १०५ चौरस मीटर, काँक्रीटमध्ये घालायची जाळी तेवढीच.

आधी वजनाचा विचार

हा भाग कोणाला आवडत नाही, पण टाळता येत नाही. फोमला वजन नाही, वजन वरच्या काँक्रीटला आहे. ५० मिमी काँक्रीट चौरस मीटरला सुमारे ११५ किलो, वर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) आणि त्याचा मसाला आणखी ४०-४५ किलो. म्हणजे १६० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भारच चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. जुन्या इमारतीवर आधीच कोब्यावर कोबा असे दोन थर असतील, तर नवं काम चढवण्याआधी जुना वरचा थर काढावाच लागतो. वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीत, सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर किंवा बाल्कनीच्या बाहेर काढलेल्या भागावर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय हे काम करू नये. त्याने नको म्हटलं, तर खाली दिलेला पांढऱ्या रंगाचा मार्ग आहे. त्याला वजन नाही.

उंचीही मोजून घ्या. सगळे थर मिळून गच्ची जवळपास पाच इंच वर येते. गच्चीच्या दाराचा उंबरठा त्याहून खाली राहिला, तर पहिल्या पावसात पाणी जिन्यात उतरतं. तीन फुटी कठडाही तेवढाच बुटका होतो. घरात लहान मुलं असतील तर कठड्यावर रेलिंगचा खर्च आधीच धरा.

कामाचा क्रम

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये धरावं. मे अखेर सुरू केलं की क्युरिंग पावसावर सोडावं लागतं.

आधी गळती. गच्चीच्या पाईपांची तोंडं बुजवून दोन इंच पाणी भरा आणि ४८ ते ७२ तास ठेवा. खाली ओल दिसली तर आधी ती निस्तरा. फोमखाली एकदा गळती झाकली गेली की ती शोधायला सगळं उकरावं लागतं, कारण पाणी एकीकडे शिरतं आणि दुसऱ्याच खोलीत टपकतं. पाणी सोडून दिल्यावर डबकी कुठे राहतात, त्यांच्याभोवती खडूने रेघ मारून ठेवा. उतार दर दहा फुटांना सव्वा इंच हवा. डबक्याच्या जागा पॉलिमर मसाल्याने भरून घ्याव्यात. चिरा छिन्नीने व्ही आकारात उघडून त्याच मसाल्याने भराव्यात. वरून नुसतं सिमेंटचं पाणी ओतलं की चीर दिसेनाशी होते, बंद होत नाही.

मग टाक्यांचे, सोलरचे, डिशचे पाय. हे सगळं फोमच्या आधी. प्रत्येक पायासाठी तयार पातळीच्या वर सहा इंच राहील असा छोटा ओटा स्लॅबवर बांधून घ्या. काम झाल्यावर कोणी सोलरवाला ड्रिल घेऊन आला आणि चार बोल्ट ठोकून गेला, की वॉटरप्रूफिंगला चार भोकं पडली.

कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे सगळीकडून मसाल्याचा गोलसर वाटा मारून घ्या. वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, पहिला हात ओला असतानाच त्यात फायबरची जाळी दाबून बसवा आणि थर कठड्यावर फूटभर चढवा. ओट्यांवरही चढवा. वाळल्यावर पुन्हा पाणी भरून पाहा. दुसऱ्यांदा पाणी भरायला मिस्त्री कुरकुर करतो, त्याच्या कुरकुरीकडे लक्ष देऊ नका. वॉटरप्रूफिंग फोमच्या खाली ठेवण्याचा फायदा असा की त्यावर ऊन पडत नाही, त्यामुळे ते तडकत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं.

आता पाट्या. विटांच्या बांधकामासारखे सांधे सोडून-सोडून मांडा, चार कोपरे एका जागी येऊ देऊ नका. चिकटवायचंच असेल तर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) किंवा सिमेंटचा चिकटवा घ्या. थिनर असलेला कुठलाही गोंद, सॉल्व्हंटचा प्रायमर, गरम डांबर यांनी फोम डोळ्यांदेखत विरघळून खड्डे पडतात. एका वेळी तेवढ्याच पाट्या मांडा जेवढ्या त्या दिवशी झाकता येतील. सव्वा किलोची पाटी दुपारच्या वावटळीत पतंगासारखी उडते, आणि उघडी राहिली तर उन्हाने तिचा पृष्ठभाग पिठूळ होतो. काळं प्लास्टिक तर तिच्यावर अजिबात टाकू नका. एक्सपीएस सुमारे ७५ अंशांपर्यंतच धड राहतं, काळ्या प्लास्टिकखाली ते वाकडं होतं. कठड्याच्या कडेला आणि ओट्यांभोवती उरलेल्या फटी फोमच्याच पट्ट्यांनी भरा. मसाल्याने भरल्या तर तिथून उष्णतेला सरळ वाट मिळते.

पाण्याच्या पाईपाचं तोंड ही या कामातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. थोडं पाणी सांध्यांतून फोमखाली जाणारच, आणि ते वॉटरप्रूफिंगवरून वाहत जाऊन तोंडात पडायला हवं. म्हणून तोंड स्लॅबच्या पातळीवर ठेवा, भोवती फूटभर चौकोनात फोम-काँक्रीट न घालता धुतलेली खडी भरा आणि वर जाळी बसवा. तोंड उचलून वरच्या काँक्रीटच्या पातळीला आणलं, तर खालचं पाणी कायमचं अडकतं.

पाट्यांवर जिओटेक्स्टाइल पसरा, जोडावर चार इंच चढवा, वर जाळी ठेवा आणि ५० मिमी काँक्रीट घाला. घमेली वाहणाऱ्यांसाठी फळ्या टाका. टाचेचा खड्डा पडलेली पाटी तिथेच बदला. जाळी खाली पडून राहिली तर निरुपयोगी, म्हणून ती ठोकळ्यांवर उचलून काँक्रीटच्या मधोमध आणा.

आणि सांधे. चार-पाच फुटांच्या चौकटी पाडून मध्ये ८ ते १० मिमी फट, कठड्याच्या कडेने अर्धा ते पाऊण इंच फट, दोन्ही लवचीक सीलंटने भरलेल्या. पूर्वी वरच्या थराची धग स्लॅबमध्ये उतरायची, आता खाली फोम असल्यामुळे ती उतरत नाही. त्यामुळे हे दोन इंच काँक्रीट पूर्वीच्या कोब्यापेक्षा जास्त तापतं आणि जास्त सरकतं. सांधे न सोडलेलं काँक्रीट पहिल्याच उन्हाळ्यात फुगून उचललं जातं, किंवा कठड्याला ढकलून त्याच्या बुडाशी चीर पाडतं. या कामातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

गोणपाट भिजवून दहा दिवस क्युरिंग, मग वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. फरशी गडद लावू नका. वरचा थर जितका पांढरा, तितका फोमही खाली सुखात राहतो. मोझॅक लावताना खालचे सांधे वरही तसेच चालू ठेवा, झाकू नका.

वजन झेपत नसेल, किंवा पैसे नसतील

पांढरा रंग. राखाडी सिमेंटचा पृष्ठभाग उन्हातलं साधारण ३० टक्के परतवतो, ताजा पांढरा थर ७० ते ८० टक्के. फार थोड्या खर्चात इतका फरक दुसरं काही पाडत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं, त्यात मुख्य भर अशाच परावर्तनावर आहे.

स्वस्तातलं म्हणजे चुना. निवलेला, गाळलेला चुना १० किलो, पांढरं सिमेंट २ किलो आणि पांढरा डिंक (फेव्हिकॉलसारखा) अर्धा किलो, दुधासारखं पातळ होईपर्यंत पाणी. गच्ची झाडून, धुऊन, दमट असतानाच उन्हं उतरल्यावर मारा. तापलेल्या कोरड्या गच्चीवर मारलेला चुना हाताला पिठासारखा येतो, कारण पाणी आधीच उडून जातं आणि चुन्याला धरायला वेळ मिळत नाही. आधी एका कोपऱ्यात चार बाय चारचा तुकडा करून दुसऱ्या दिवशी हात फिरवून पाहा. पांढरं आलं तर डिंक थोडा वाढवा. एक पावसाळा गेला की दर होळीनंतर पुन्हा. विकतचा लवचीक पांढरा थर तीन ते पाच वर्षं काढतो, पण धूळ बसली की त्याचंही काम निम्म्यावर येतं. मार्चमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा गच्ची धुणं हा त्या कामाचाच भाग.

"उष्णतारोधक पेंट" म्हणून जे विकतात, त्यात सिरॅमिकचे मणी असोत की आणखी काही, काम परावर्तनाचंच होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला रोधक म्हणून किंमत नाही. तो आतून छताला मारून घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची असते, सगळ्यांचा होकार मिळत नाही. तेव्हा खालून करावं लागतं: जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग आणि त्यावर ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर). गळती असेल तर आधी ती. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि वायरी रॉकवूलखाली गाडू नका, तापून जळतात. उघडा थर्माकोल किंवा पफ छताला चिकटवून सोडून देणं धोक्याचं, विशेषतः स्वयंपाकघरात; आग लागली तर त्याचा धूरच आधी जीव घेतो.

पत्र्याचं छप्पर

पत्र्याला वजन नाही, त्यामुळे तो दहा मिनिटांत तापतो आणि थेट डोक्यावर धग टाकतो. इथे चकचकीत फॉइलची बबल शीट चालते, पण एका अटीवर: फॉइल आणि पत्रा यांच्यात इंचभर हवेची पोकळी हवी. फॉइल धग पुढे टाकत नाही, हा तिचा गुण. पत्र्याला चिकटवली की धग स्पर्शानेच पार होते आणि गुण वाया जातो. चकचकीत बाजू खाली ठेवा, तिच्यावर धूळ बसत नाही. नवीन छप्पर घालायचंच असेल तर ५० मिमीचं पफ पॅनेल सरळ बसवावं, दोन्ही कामं एकदम होतात.

कोकणात आणि मुंबईत एक गोष्ट उलटी आहे. थंड देशांतली माहितीपत्रकं बाष्परोधक कागद खोलीच्या बाजूने लावायला सांगतात. तिथे ओल घरातून बाहेर जाते. आपल्याकडे एसीच्या खोलीत ओल बाहेरून आत येते, म्हणून रोधक बाजू बाहेर हवी. उलटं लावलं की काचलोकर आत भिजते, काळी पडते आणि वर्षभरात कुबट वास सुटतो. एसी नसलेल्या कोकणी घराला मात्र जाड इन्सुलेशनपेक्षा माळ्यावरची वाहती हवा आणि पांढरं छप्पर जास्त कामाला येतं.

भिंती, आणि मोजमाप

भिंतींत पश्चिमेची सोडून इतरांकडे नंतर पाहिलं तरी चालेल. नवीन बांधकामात ती २०० मिमी एएसी ब्लॉकची करा. नऊ इंची विटेच्या चौपट रोध मिळतो. जुन्या भिंतीला सावली द्या: छज्जा, जाळी, वेल, काहीही. पश्चिमेच्या काचेतून ऊन आत येत असेल, तर गच्चीवर कितीही खर्च केला तरी ती खोली तापणारच.

काम करण्याआधी छताच्या खालच्या बाजूचं तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने दुपारी तीन आणि रात्री नऊला तीन दिवस लिहून ठेवा, काम झाल्यावर तशाच कडक उन्हाच्या दिवसांत पुन्हा. बंदूक चकचकीत फॉइलवर रोखू नका, ती खोटं सांगते. रंगवलेल्या छतावर रोखा. रात्री नऊचा आकडा जास्त महत्त्वाचा. तो कमी झाला नसेल तर कडेच्या फटी, ओटे आणि पाईपाचं तोंड तपासा. आणि रात्री खिडक्या उघडता ना, तेही. रोधक छप्पर घरातली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. फ्रिजची, गॅसची, चार माणसांची धग खिडकीतूनच काढावी लागते.